हजार फुटांवर ऐकलेला आवाज

वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या विभागात मी कधी काही लिहीन असं वाटलं नव्हतं. वाचायचे मात्र नेहमी. ड्युटीवर परगावी हॉटेलात अडकले आणि वेळ जात नसला की इथले अनुभव वाचायचे आणि मनात म्हणायचे, थकवा असेल... पाणी कमी प्यायलं असेल... किंवा माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. हे शेवटचं वाक्य मी आता जरा जपून वापरते.

आमचं घर बौद्ध. आई-बाबा मूळचे अमरावतीकडचे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं सगळं बालपण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. भूत, पितर, श्राद्ध, अंगात येणं, यातलं काहीही आमच्या घरात नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्यावरून मिरच्या ओवाळल्या, तर बाबांनी त्यांना घरी बोलावून चहा पाजला आणि अर्धा तास समजावलं. त्या काकू नंतर आमच्याकडे फारशा आल्या नाहीत!

मी पायलट आहे. गेली सहा वर्षं कॅप्टन. माझा नवरा सुहास, तोही कॅप्टन होता, आणि आठवड्यातले दोन दिवस गुरुग्रामच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये पायलटांना शिकवायचा. त्याचा विषय एकच — पायलट चुकतो कसा. तो म्हणायचा, "नियम माहीत नाही म्हणून चुकणारे फार थोडे. माहीत असतं सगळं. पण एकदा ठरवलेलं सोडवत नाही, तिथे माणूस अडकतो." उतरायचं ठरवलं की उतरायचंच, मग समोर काहीही दिसो. मी त्याच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसले होते, लग्नाच्या आधी. पहिल्या रांगेत बसून खूप वाद घातला होता.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. आजारानं. विमानाचा त्यात काही संबंध नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या जानेवारीतली. सकाळची वेळ, हैदराबादहून दिल्लीला येत होतो. विमान मी चालवत होते, शेजारी को-पायलट जसकरण — लुधियानाचा, हुशार, नव्यानंच आलेला, माझ्याशी बोलताना अजूनही थोडा बिचकणारा. दिल्लीत धुकं होतं. ते विरळ होईपर्यंत आम्ही अर्धा तास आकाशात घिरट्या घालत होतो. इंधन अशा टप्प्यावर आलं होतं की उतरण्याचा एक प्रयत्न, आणि तो फसला तर सरळ जयपूर.

मग कंट्रोलरनं विचारलं, जवळचा रस्ता देऊ का, जमेल का? आम्ही अजून बरेच उंचावर होतो, आणि इतक्या कमी अंतरात खाली यायचं तर वेग आवरत नाही. शांतपणे "नाही" म्हणायला हवं होतं. मी "हो" म्हटलं.

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. जमिनीपासून हजार फुटांवर येईपर्यंत विमानाचा वेग, उतरण्याचा दर, चाकं, पंखांचे फ्लॅप्स, सगळं जिथल्या तिथे बसलेलं हवं. नसेल तर चर्चा करायची नाही. इंजिनांची ताकद वाढवायची, वर निघून जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. त्यात कमीपणा नाही, कुणी रागवत नाही. मी स्वतः हे नवीन मुलांना शंभरदा सांगितलं आहे.

त्या दिवशी हजार फुटांवर आमचा वेग जास्त होता. खूपच जास्त. उतरण्याचा दरही. जसकरण म्हणाला, "स्पीड." मी म्हटलं, "करेक्टिंग." तो पुन्हा म्हणाला, "स्पीड, मॅम." आणि गप्प झाला. खाली धुक्यातून धावपट्टीचे दिवे दिसायला लागले होते, आणि माझ्या डोक्यात एकच — दिसतेय, दिसतेय ना, होईल सेटल, आत्ता होईल.

तेव्हा हेडफोनमध्ये सुहास बोलला.

"पुरे आता, मृणाल."

मोठ्यानं नाही. ओरडून तर नाहीच. ताटात आणखी पोळी वाढायला लागलं की माणूस म्हणतो ना, तसं. मला आश्चर्य वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. हात आपोआप पुढे गेला, "गो-अराउंड!" म्हणाले, नाक वर घेतलं, जसकरणनं चाकं आत घेतली. दोन मिनिटांत आम्ही धुक्याच्या वर उन्हात होतो आणि जयपूरची परवानगी मागत होतो.

जयपूरला इंधन भरणं चालू होतं. मागे प्रवासी वैतागले होते, कुणी लग्नाला निघालेलं, कुणाची मीटिंग. मी त्यांच्यासाठी घोषणा करून मायक्रोफोन ठेवला. जसकरण बराच वेळ चेकलिस्टकडे बघत होता. मग म्हणाला,

"मॅम, सॉरी. गो-अराउंड मुझे कॉल करना चाहिए था. मैं बोलने ही वाला था..."

"गलती मेरी थी, जसकरण. शॉर्टकट मैंने लिया."

"मॅम... एक बात पूछूँ? ये 'पुरे आता' क्या होता है?"

मी हेडफोन काढून त्याच्याकडे वळले.

"फ्रीक्वेन्सी पे किसी ने बोला ना? पहले मुझे लगा आपने बोला. पर आवाज़ तो जेन्ट्स की थी." तो जरा हसला. "मैंने सोचा, कोई मराठी पायलट गलत बटन दबा के घर बात कर रहा है."

"और कुछ सुना?"

"नहीं मॅम. बस वही. 'पुरे आता.' फिर आपने गो-अराउंड कॉल किया."

त्यानं ते शब्द जसेच्या तसे उच्चारले. त्याला मराठीतलं 'नमस्कार'पलीकडे काही येत नाही. मी म्हटलं, "इसका मतलब होता है, बस, अब और नहीं." तो म्हणाला, "अच्छा," आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला रडू येत होतं, पण अजून दिल्लीला विमान न्यायचं होतं. नेलं. दुपारी व्यवस्थित उतरलो.

ते शब्द माझ्यासाठी काय होते ते कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनासुद्धा नाही. सुहासच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. मी ऐकलं नाही. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये एक नवीन औषध होतं, मी फोनाफोनी केली, ॲम्ब्युलन्स ठरवली. तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "पुरे आता, मृणाल. घरी चल." खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "एकदाच, सुहास. हे एकदाच करून बघू." तो पुढे काही बोलला नाही. पाच दिवसांनी आयसीयूतच त्यानं प्राण सोडला, मी काचेच्या या बाजूला होते. ठरवलेलं सोडवत नाही म्हणजे काय, हे जगाला शिकवणाऱ्या माणसाला मी घरी आणू शकले नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. आई गेल्यापासून ते माझ्याकडे गुरुग्रामलाच असतात. ऐंशीला टेकलेत, पण डोकं अजून ऑफिसरचं. त्यांनी आधी मला वरणभात खायला लावला, मग म्हणाले,

"आत्मा वगैरे काही नसतं, मृणाल. ते तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे, बाबा. पण मग जसकरणला कसं ऐकू आलं?"

त्यांनी माझं ताट उचलून बाजूला ठेवलं. "ते मला सांगता येत नाही," म्हणाले. "आणि जे सांगता येत नाही त्याला उगाच नाव देऊ नये." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "बरा होता का त्याचा आवाज? शेवटी फार खोल गेला होता."

"बरा होता, बाबा. आधीसारखा."

कॉकपिटमधला आवाज रेकॉर्ड होतो हे तुम्हाला माहीत असेल. पण आमच्या त्या विमानातला रेकॉर्डर फक्त शेवटचे दोन तास ठेवतो, बाकीचं पुसलं जातं. जयपूरला असतानाच मला ते सुचायला हवं होतं. सुचलं तिसऱ्या दिवशी! कंपनीच्या सेफ्टी विभागातल्या अधिकाऱ्याला मी आडून विचारलं. तो म्हणाला, ते कधीच गेलं. त्याच्याकडे फक्त आमच्या वेगाचा आणि उंचीचा आलेख होता. तो बघून म्हणाला, "ऐसे भी लैंड हो जाता है, ज़्यादातर. जब नहीं होता, तब न्यूज़ बनती है." त्या वेळी रेडिओवर दुसरं कुणी मराठीत बोललं का, तेही मी ओळखीच्या लोकांकडून काढायचा प्रयत्न केला. काही हाती लागलं नाही. पण असं समजा की खरंच कुणी परका पायलट चुकून बोलला... तो माझं नाव कसं घेईल? की 'मृणाल' फक्त मीच ऐकलं?

इथवर ऐकून लोक म्हणतात, किती छान, तो तुझी काळजी घेतोय. म्हणून पुढचं लिहिणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मी त्याची वाट बघायला लागले. प्रत्येक वेळी उतरताना, हजार फूट जवळ आले की माझे कान टवकारले जायचे. काम चोख करत होते, पण आत कुठेतरी मी दाराला कान लावून उभी होते. आणि एप्रिलमधल्या एका दुपारी दिल्लीत उतरताना वाऱ्याचा झोत आला, वेग मर्यादेच्या वर गेला. मला दिसलं. काय करायचं ते माहीत होतं. आणि मी थांबले. एक... दोन... तीन सेकंद. मी ऐकत होते.

"अनस्टेबल, गो-अराउंड," त्या दिवशीची को-पायलट रितिका हिनं ठणकावून सांगितलं. मी लगेच वर गेले. पुढे सगळं सुरळीत झालं. खाली आल्यावर तिनं विचारलं, "मॅम, आप ठीक हैं? आप कुछ सुन रही थीं क्या?"

मागे बसलेल्या माणसांना त्या तीन सेकंदांचा पत्ताही नव्हता. लहान मुलं होती, झोपलेली म्हातारी माणसं होती. मी त्यांना घेऊन माझ्या नवऱ्याची वाट बघत होते.

त्याच संध्याकाळी मी स्वतःविरुद्ध रिपोर्ट लिहिला. दुसऱ्या दिवशी कॅप्टन थॉमसना भेटले. ते सुहासचे मित्र, आता ट्रेनिंगचे प्रमुख. त्यांना सगळं सांगितलं, आवाजासकट. ते हसले नाहीत. मला फ्लाइंगवरून उतरवलं, डॉक्टरांकडे पाठवलं, एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या सगळ्यांनी तपासलं, मी ठणठणीत होते. जूनमध्ये थॉमस सरांनी मला सिम्युलेटरवर बोलावलं. हुबेहूब कॉकपिट असतं ते, फक्त जमिनीवर.

मी म्हटलं, "सर, एक विनंती आहे. जानेवारीतलं ते लँडिंग पुन्हा लावा. तेच धुकं, तोच वेग. आणि मला थांबवू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकदाच," म्हणाले. तामिळनाडूत वाढलेला माणूस, पण सुहाससोबत राहून थोडं मराठी शिकला होता.

हजार फूट. वेग जास्त. मी हात लावला नाही. पाचशे. यंत्र इशारे देत होतं, मी त्यांच्या पलीकडचं ऐकत होते. तीनशे. दोनशे. बोल ना, सुहास. काहीही बोल. शंभर...

सिम्युलेटरला मोठा हिसका बसला, पडदा गोठला आणि सगळं शांत झालं. फक्त पंख्याचा आवाज.

थॉमस सर मागच्या खुर्चीत बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आला?"

"नाही, सर."

"मीही ऐकत होतो," ते म्हणाले.

मी तिथेच हेडफोन घालून रडले. दोन वर्षांत अशी रडले नव्हते. त्यांनी मला रडू दिलं, मग पाण्याची बाटली दिली, आणि म्हणाले, चल, पुन्हा घेऊ, या वेळी नीट. त्या दिवशी मी तोच प्रसंग सात वेळा केला. सातही वेळा वेळेवर वर गेले.

ऑगस्टपासून मी पुन्हा उडते आहे. जसकरणसोबत दोनदा ड्युटी लागली. त्यानं तो विषय काढला नाही, पण आता तो माझ्याशी न बिचकता बोलतो. एकदा तर थेट म्हणाला, "मॅम, ये शॉर्टकट मत लो." मी नाही घेतला.

मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही. थकवा म्हणावा तर दोघांना सारखेच शब्द ऐकू आले. रेडिओतली गडबड म्हणावी तर ती नेमक्या त्या क्षणी, नेमकी त्या माणसाच्या आवाजात. बाबा म्हणतात तसं मी त्याला नाव देत नाही. तुमच्यापैकी कुणी वैमानिक किंवा रेडिओ इंजिनिअर असेल आणि काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

फक्त एक सांगते. आता मी हजार फुटांच्या बऱ्याच आधी निर्णय घेते. काही खटकलं की लगेच बोलते, हात लगेच हलतो. एक सेकंदही रिकामा सोडत नाही. चांगला पायलट असाच असतो, सुहासनंच शिकवलं आहे. पण त्याला बोलायला यायचं असेल तर याच रिकाम्या सेकंदात यावं लागेल ना... आणि तो मी रोज, माझ्याच हातानं, बंद करते.