लगोरी फोडणारे भावोजी

आमच्या डेलमार भावोजींइतका शुद्ध माणूस अमेरिकेतल्या सगळ्या युटा राज्यात मिळायचा नाही. म्हणजे असं त्यांचंच मत आहे. गावात त्यांचं टायरचं दुकान, पण ऑक्टोबर उजाडला की दुकानाला कुलूप लागतं, पाठीवर सॅक चढते आणि मागे माझी बहीण नेड्रा आणि मी, अशी आमची वरात लाल घळीत उतरते.

वजनाचं तर विचारूच नका. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली, चहाच्या पुड्यांचे दोरे तोडलेले. संकटात मदत मागायचं बोटभर यंत्र घरीच, कारण 'उगाच ओझं'. घळीत फोनला रेंज नसते, पण भावोजींच्या डोक्याला असते ना! आपली घाण पिशवीत बांधून परत न्यायची हा इथला नियमच आहे, पण ती पिशवी पदकासारखी मिरवणारे हेच एक.

खरा राग मात्र दगडांवर. घळीच्या भिंती इथून तिथून सारख्याच. वर चढायची फट चुकू नये म्हणून येणारे-जाणारे तिच्या तोंडाशी दगडावर दगड रचून लगोरी उभी करतात. ती दिसली की भावोजींचं डोकं सटकलंच. एक लाथ, लगोरी फुटली!

"निसर्गात माणसाची खूण कशाला? ज्यांना वाट कळत नाही त्यांनी घरी टीव्ही बघावा."

"आणि आपण परत कसं चढायचं?" मी विचारलं.

"माझ्या डोक्यात आहे सगळं, आर्लीन."

डोक्यात म्हणे! दुकानाची किल्ली रोज नेड्रा शोधून देते.

नवरा वळणापलीकडे गेला की ती वाकते, दगड गोळा करते, लगोरी पुन्हा रचते, हात झटकते आणि चालू लागते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. तो पाडत पुढे, ती रचत मागे. सुखाचा संसार!

यंदा दुसऱ्याच दिवशी सैल दगडावरून नेड्राचा पाय निसटला. घोटा असा फिरला की बघवेना. त्यात पुढचा झरा आटलेला, बाटल्यांत पाणी बेताचं. भावोजी मदत आणायला निघाले. आम्ही बहिणी निर्धास्त होतो. आम्ही उतरलो त्या फटीशी नेड्राने लगोरी परत रचली होती, ती दिसली की चढतील वर.

संध्याकाळी ते परतले. एकटेच.

"फट सापडत नाही," ते वाळूत बसत म्हणाले. "भिंत न् भिंत बघितली. एके ठिकाणी लगोरी होती, पण ती आपली फट नव्हे. आपली तर मी साफ केली होती."

नेड्राने डोळे मिटले. "डेलमार, ती मी रचली होती. दरवर्षी रचते, तुझ्या मागे."

भावोजींनी बुटांवरची वाळू झटकली.

"आता ऊठ. ती लगोरी दिसेल तिथून चढ."

ते उठेनात. आपल्या बुटांकडे बघत राहिले. मीही त्या बुटांकडे बघितलं.

"भावोजी, ती पण फोडलीत?"

"सवय गं," ते म्हणाले.

वा रे सवय! मी अशी ओरडले की घळीने मलाच परत ऐकवलं. माझी बहीण ओठ सुकून पडलेली आणि ह्यांची निसर्गसेवा चाललेली! नेड्रा मात्र ओरडली नाही. बाटलीतलं उरलेलं पाणी तिने त्यांच्या हातात दिलं.

"आपण फोडलेले दगड तरी ओळखशील ना? जा."

सकाळी मदतीची माणसं स्ट्रेचर घेऊन आली. मागून धापा टाकत भावोजी, बोटं सोललेली. नेड्राला उचलून निघालो, तर पहिल्याच वळणावर लगोरी. पुढच्या वळणावर आणखी एक. फटीच्या तोंडाशी तर कमरेएवढी.

"ह्या खुणा होत्या म्हणून सरळ तुमच्यापर्यंत पोचलो," स्ट्रेचर धरलेली बाई म्हणाली. "रचल्या कुणी?"

"असेल कुणी मूर्ख," भावोजी पुटपुटले.

नेड्रा पडल्या पडल्या त्या ढिगाकडे बघत होती.

"वरचा दगड हलतोय, डेलमार."

भावोजी वाकले आणि दोन्ही हातांनी तो नीट बसवला.