न दाखवलेला हात

माझी नणंद वजनं उचलते, हे लग्न ठरताना मला कोणी सांगितलं नव्हतं. सासरी आले त्याच आठवड्यात तिने माझं लोखंडी कपाट एकटीने जिन्यावरून वर आणलं आणि धाप न लागता विचारलं, कुठल्या भिंतीला लावू? तेव्हापासून मी तिच्या वाकड्यात शिरले नाही.

तिची नोकरी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात. दुपारी दोनपर्यंत ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून ओढून काढायचे आणि तीनला व्यायामशाळेत हजर. तिथल्या बायका तिला पहिलवान म्हणत. अंगात एकच खोट होती, उजवा कोपर. आठ वर्षांची असताना भिंतीवरून पडली. हाड सांधलं, पण हात पुरता सरळ होईना. आणि हिने निवडला तो खेळ असा, की बार डोक्यावर गेल्यावर दोन्ही हात ताठ हवेत, नाहीतर पंच लाल दिवा लावतात. ज्याचा हात मुळातच सरळ होत नाही, त्याने स्पर्धा सुरू होण्याआधी तो तिन्ही पंचांना दाखवून ठेवायचा, मग ते समजून घेतात.

तिचे जुने कोच दर वेळी तिला पंचांकडे घेऊन जायचे. भेंडीचं टोक मोडून बघावं तशी तीन परकी माणसं तिचा कोपर दाबून बघत आणि मागच्या रांगेतल्या मुली हसत. त्याच हाताने ती परदेशात आधी नववी आली, मग पाचवी, मग चौथी. चौथी आली तेव्हा पदक एका किलोने हुकलं होतं. घरी येऊन त्या किलोबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. त्या हसणाऱ्या मुलींबद्दल मात्र बोलली.

चौतिसाव्या वर्षी शेवटची स्पर्धा आली. यंदा पदक नाही तर कधीच नाही. नेमका कोचचा पाय प्लास्टरमध्ये. नवा कोच पाच मुलींच्या मागे धावत होता, त्याला कोपराचं काही ठाऊक नव्हतं. सोबतीला मी. सकाळी खोलीत अंगठ्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "वहिनी, जाऊ का हात दाखवायला?"

आमचं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मला वाटलं, मी विनोद केला. ती हसली, पट्टी पुरी केली आणि गेलीच नाही.

पहिली उचल. बार वर गेला, ती खांबासारखी उभी राहिली, मी टाळ्या पिटल्या आणि तीनपैकी दोन दिवे लाल लागले, म्हणजे उचल बाद. नवा कोच पंचांकडे धावला. आता उपयोग नाही, आधी सांगायला हवं होतं, असं उत्तर आलं. पुन्हा लाल लागणार हे कळूनही ती आणखी दोनदा आत गेली आणि दोन्ही वेळा तेच वजन उचलून उभी राहिली. सगळे दिवे लाल, तिन्ही संधी संपल्या. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे नुसती रेघ.

घरी सगळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, "विसरले." मी शेजारी मूग गिळून बसले. चांगले आठ महिने बसले. सासूबाई तिला वेंधळी म्हणाल्या, माझा नवरा म्हणाला, तेव्हाही बसले.

तिने खेळ सोडला म्हणून धुलाईखान्यात तिचा सत्कार झाला. मुकादम भाषणात म्हणाला, आमची पहिलवान ऐन वेळी विसरली, चालायचंच. तेव्हा मात्र मला राहवेना. उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, ती विसरली नव्हती, मी अडवलं होतं. मुकादमाने चष्मा काढून पुसला.

परत येताना मी म्हटलं, रागव तरी.

"कशाला रागवू?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, नको दाखवूस. मला तेच ऐकायचं होतं गं."