तांबड्याचा खांदा आणि सात दिवस
मी कामाला आहे त्या कारखान्यात गुरांच्या लाळ्या-खुरकूतची लस बनते. हॅमस्टर नावाच्या उंदराएवढ्या प्राण्याच्या मूत्रपिंडातून कधीकाळी काढलेल्या पेशी मोठ्या टाकीत वाढवायच्या, हे माझं काम. त्यांना ऊब द्यायची, खाऊ घालायचं, हळूहळू ढवळायचं. भरपूर झाल्या की पुढच्या खोलीत त्यांच्यात विषाणू सोडतात. तो त्यांना संपवत वाढतो, मग त्यालाच मारून लस करतात. प्राणी केव्हाच मेला, पेशी मात्र वाढतायत. हे मला अजून नीटसं पचलेलं नाही, आणि याचाच मी पगार घेते.

तिथला एक नियम कडक आहे. इमारतीतून बाहेर पडल्यापासून सात दिवस गाईबैलांजवळ जायचं नाही. न जाणो, अंगाकपड्यांवरून विषाणू गेला तर!

नोकरीतल्या पहिल्याच पोळ्याला उमरखेडजवळ आमच्या गावी आले, तेव्हा त्या सातांतला तिसरा दिवस होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. म्हाताऱ्या तांबड्याचा खांदा लहानपणापासून माझा.

बाबांनी वाटी पुढे केली. मी गोठ्याच्या फाटकाबाहेरच.

"मले नाही येता येत, बाबा."

"काहून? विषाणू तं पुढच्या खोलीत असते म्हनत होती."

म्हणत होते खरी. मग मी नेमकी कशाला भीत होते? हवेला? दाराच्या कडीला? माझं मलाच कळेना, म्हणून बाबांवरच चिडले.

"नेम हाये तं हाये!"

"बैलाले लस टोचली ना? मंग भेव कायचं?"

लस म्हणजे चिलखत नव्हे, हे मला पाठ होतं. पण दावं ताणून माझ्याकडे बघणाऱ्या तांबड्यासमोर ते बोलवेना.

बाबांनी स्वतःच हळद-तूप चोळलं. मग हात पुसत विचारलं, "सुट्टी कितीक दिस भेटते तुले?"

"पाच. लय झाली तं."

ते बोटांवर मोजत राहिले.

"म्हंजे ही नोकरी हाये तोवर तू याले हात लावत नाही."

हे गणित मी केलंच नव्हतं. रडू आलं, आणि ते कुणासाठी हेही कळेना.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," मी फाटकाबाहेरूनच ओरडले. दुसऱ्या दिवशी तांबडा पुरणपोळी जेवला, तेव्हाही मी तिथेच उभी होते.