दारात ठेवलेली कॅमेलिया

कॅमेलिया आमच्याकडे जगत नाही, हे मला आधी माझ्या दिरांनी सांगितलं आणि मग येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने. त्यांच्यापैकी कुणीही ते झाड पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

रोप माझ्या नवऱ्याने मागवलं होतं, उत्तरेकडच्या डोंगरांतल्या एका रोपवाटिकेतून. खोकं मुरबाडला आलं. तिथून आमच्या गावापर्यंत, वैशाखऱ्यापर्यंत, तो जीपमध्ये ते मांडीवर धरून बसला आणि पाय आखडले म्हणून दुसऱ्या दिवशीपर्यंत लंगडत होता. आमचं आणि दिरांचं घर एकाच अंगणात, भिंतीला भिंत लागून. दीर दारातच उभे होते.

“दादा, हा कसला पाला आनलास?”

“चहाच्या जातीतला आहे. फुलासाठी लावतात.”

“मंग वहिनी, पानं उकलून चा करून बगा की. दूध आमच्याकडून.”

तो हसला आणि खोकं उघडायला बसला. त्याने सगळं वाचून ठेवलं होतं. झाडाला सावली हवी, आंबट माती हवी, चुना अजिबात नको, मुळं गार राहायला हवीत. घराच्या मागे, उत्तरेच्या अंगाला, फणसाखाली एक कोपरा आहे. तिथे ऊन येत नाही म्हणून तुळससुद्धा धरत नव्हती. त्याने तोच निवडला. मातीची कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवली आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवायला सुरुवात केली. बोअरच्या पाण्याने आमच्या भांड्यांवर पांढरा थर बसतो, म्हणून झाडासाठी पावसाचं पाणी पिंपात साठवायचं ठरलं. रोपाबरोबर आलेल्या कळ्या आठवड्याभरात गळून पडल्या. “प्रवासाने दमली आहे,” तो म्हणाला. “पुढच्या थंडीत फुलेल.”

पावसाळ्यात तो गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि कल्याणला पोचेपर्यंत राहिला नाही.

मी नोकरी संपेपर्यंत मुरबाडच्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. पुस्तकं वाचणाऱ्या बाईची समजूत घालणं सोपं असतं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. मन रमवा, देवाधर्माचं वाचा, आता विसरायला शिका. मी सगळ्यांना चहा दिला आणि कुणाचंही ऐकलं नाही. विसरायचं कशाला? तीस वर्षं ज्याच्याशी बोलले त्याच्याशी बोलणं थांबवावं, एवढं मोठं कारण मृत्यू आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. मी कुंडीतली वाळू ओली ठेवत राहिले.

मातीसाठी मी पाला कुजवू लागले. आमच्याकडे पाला कुणी कुजवत नाही. उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजायची असते. शेण, पाला, गवत पसरून वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्याला राब म्हणतात. त्या दिवसांत झाडाखाली पडलेल्या प्रत्येक पानावर राबाचा हक्क असतो. दिरांनी मला फाटकापाशी अडवलं.

“पाला कुजवून काय करनार, वहिनी? राबाला द्या.”

“एवढी टोपली माझी, भावजी.”

“त्या झाडासाठी?”

“त्या झाडासाठी.”

ते पुटपुटत गेले. टोपली माझ्याकडे राहिली.

फाल्गुनात मी काही दिवस आटगावला माहेरी गेले. परत आले ती थेट मागच्या कोपऱ्यात. कुंडीत मातीच दिसत नव्हती. वर राखेचा जाड थर होता, नीट दाबलेला, पाणी घालून बसवलेला. माझी जाऊ लगबगीने मागोमाग आली. चेहऱ्यावर काहीतरी चांगलं केल्याचा आनंद.

“राबाची राख घातली, ताई. दोन टायम पानी पन दिलं, बोरचं.”

आमच्या गावात राख घालून काही बिघडलेलं कुणी पाहिलेलं नाही. वालाला राख, मिरचीला राख, दुधीच्या वेलावर कीड आली तरी राखच. पण राखेत तेच असतं जे चुन्यात असतं, आणि या झाडाला तेच सोसत नाही. मी तिला तसं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

“तुमी गेल्यावर ती कोपऱ्यात अशी येकली दिसं. मला रावलं नाय, गो ताई.”

यावर रागवायचं कसं, ते मला जमलं नाही.

मी राख खरवडून काढली, पण तिचं पाणी खालपर्यंत उतरलं होतं. पंधरवड्यात कोवळी पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, कुणी पेनाने काढल्यासारख्या. मग गळती लागली. शेवटी मी भर चैत्रात झाड कुंडीतून काढलं. मुळं पिंपातल्या पाण्यात धुतली आणि घाटाच्या उतारावरची लाल माती व माझा कुजलेला पाला मिसळून त्यात ते पुन्हा बसवलं. झाड हलवायची ती सर्वांत वाईट वेळ होती. जाऊ बादली धरून उभी होती.

ज्येष्ठ संपता संपता झाड एका बाजूने पूर्ण उघडं झालं. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. दीर एका सकाळी मागे आले आणि कुंडीसमोर उभे राहिले.

“वालकं झाड घरात नको, वहिनी. लोकं येनार, भटजी येनार. मरन झालेल्या घरात आनखी मरतुकडं नको.”

“वाळलेलं नाही.”

मी नखाने फांदी किंचित खरवडली. आत हिरवं होतं. ते वाकले, चष्मा वर केला.

“नखायेवढं हाय.”

“नखाएवढं पुरे.”

त्यांनी चष्मा खाली केला आणि ते निघाले. दादाच्या बाबतीत ते कोरडे नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांना तो दिवस नीट पार पाडायचा होता. पण ते झाड गेलं असतं तर त्याने हाती घेतलेलं आणि अजून चालू असलेलं असं माझ्याकडे काहीच उरलं नसतं. बाकी सगळं त्याचं संपलं होतं; कपडे तेराव्याला वाटले गेले होते, सायकल पुतण्याकडे गेली होती.

वर्षश्राद्धाच्या सकाळी कुंडी जागेवर नव्हती. गोठ्यामागे, उकिरड्याच्या कडेला सापडली, उघड्या पावसात. बाहेरच्या कुंडीत पाणी तुंबलं होतं. मी आतली कुंडी उचलून काढली आणि नेसत्या चांगल्या लुगड्यानिशी, चिखलातून, पोटाशी धरून आणली. मागच्या कोपऱ्यात नाही. पुढच्या ओटीवर, दाराच्या चौकटीला लागून ठेवली. आकाश भरलेलं होतं, उन्हाची भीती नव्हती. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ती चुकवूनच जावं लागत होतं.

चुलत सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, “नवरा गेलेल्या बाईच्या हाताला झाड काय लागनार?”

मी तोंड उघडलं, पण पत्रावळ्या मांडणारी जाऊ आधी उभी राहिली.

“राख मी घातली, काकी. माज्या हाताला तर नवरा हाय ना? मंग झाड मरायला का लागलं?”

ओटीवर कुणीतरी खोकलं. दीर पत्रावळ्या पुन्हा मोजू लागले. काकींनी पदर सारखा केला आणि पाऊस यंदा फार आहे असं म्हणाल्या. कुंडी दिवसभर तिथेच राहिली. संध्याकाळी ती मागे ठेवायला दीरच आले. “वजन हाय,” एवढंच म्हणाले.

त्या पावसात घाटावरचं धुकं रोज आमच्या छपरापर्यंत उतरत होतं. उघड्या फांद्यांवर तांबूस कोंब आले. दिवाळीच्या सुमाराला कळ्याही दिसल्या, झाडाच्या ताकदीबाहेर. मी बहुतेक खुडून टाकल्या. जाऊ हळहळली, पण तिने हात धरला नाही.

पौषात एक कळी उमलली. गुलाबी, लहान, आणि एका पाकळीची कड करपलेली. पुस्तकातल्या चित्राशेजारी धरली असती तर कुणी ओळखलीही नसती. जाऊ हात पुसत आली.

“फोटोला वाहूया, ताई.”

“नको. फोटोला झेंडू घाल. हे झाडावरच राहू दे.”

दीर तिच्यामागे उभे होते. बराच वेळ पाहून म्हणाले, “दादा बगत असंल वरून.”

“नाही, भावजी,” मी म्हटलं. “तो बघत नाही. त्याला बघायला मिळालं नाही.”

जाऊने माझ्याकडे पाहिलं, मग घरात जाऊन दोन पाट आणले आणि फणसाखाली टाकले. आम्ही दोघी बसलो. दीर थोडा वेळ उभे राहिले आणि मग तेही खाली, मातीतच, बसले.