फर्निचरसकट भाड्याने

काळेवाडीतल्या दोन खोल्यांत आम्ही कितीतरी वर्षं काढली, पण फर्निचर म्हणावं असं तिथे काही नव्हतं. एक लोखंडी पलंग, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भांड्यांचा रॅक आणि दिवसा भिंतीशी रचून ठेवलेल्या गाद्या. पाहुणे पलंगावर बसायचे, जास्त आले की सतरंजी पसरायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता आणि मी एका शाळेत बालवर्गाला शिकवत होते. आम्ही दोघं नांदेडकडचे. इथे स्वतःचं घर व्हावं एवढंच मनात होतं, आणि रावेतला सातव्या मजल्यावर ते झालं.

वास्तुशांतीच्या दिवशी घर इतकं रिकामं होतं की गुरुजींचा आवाज आतल्या खोलीतून परत ऐकू यायचा. जेवणं झाल्यावर नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोने सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. अगदी मोकळं मोकळं."

त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या असतील. पण नवरा तिथेच पत्रावळी गोळा करत होता आणि मी त्याचा चेहरा पाहिला. सगळे गेल्यावर तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. सोफा इथे येईल, जेवायचं टेबल त्या खिडकीशी, असं हाताने दाखवत राहिला.

होतं नव्हतं ते सगळं घराच्या सुरुवातीच्या पैशांत गेलेलं होतं, माझ्या पाटल्यासुद्धा. आता पैसे आणायचे कुठून, असं मी विचारलं. तो म्हणाला, रोख देऊन हल्ली कोण घेतं, कंपनीत सगळ्यांकडे हप्त्यावरच आलंय. ते खोटं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही चिंचवडच्या एका शोरूममध्ये गेलो. आत गार हवा होती आणि प्रत्येक कोपरा म्हणजे कुणाचं तरी मांडून ठेवलेलं घर वाटत होतं. विकणारा माणूस बोलायला गोड होता. आज खिशातून काहीच काढायचं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. नवऱ्याने कोपऱ्यात वळणारा मोठा सोफा पसंत केला. मला खाली सामान ठेवायची सोय असलेला पलंग हवा होता. टेबलाचं अजून ठरलं नव्हतं, पण आमची मुलगी एका खुर्चीवर चढून बसली आणि टेबलावर कोपरं टेकवून आमच्याकडे बघायला लागली. नवरा म्हणाला, हेपण घ्या. मग त्याच्या फोनवर ओटीपीचे आकडे आले, ते त्याने वाचून दाखवले, आणि चहा संपायच्या आत सगळं झालंसुद्धा.

सोफा लिफ्टमध्ये मावला नाही. हमालांनी तो जिन्याने वर आणला. त्यावरचं प्लॅस्टिक मी ओढायला लागले तेव्हा नवऱ्याने हात धरला. हप्ते फिटेपर्यंत राहू दे, म्हणाला, नवा राहील. त्यामुळे बसलं की तो करकरायचा आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटायचा. तसंही बसायला वेळ कुणाला होता. घराचा हप्ता, फर्निचरचा हप्ता आणि मुलीची फी जमवायची म्हणून नवरा मिळेल तेवढा ओव्हरटाइम घ्यायचा, रविवारीही जायचा. मी शाळेनंतर शिकवण्या घ्यायचे. त्या जेवायच्या टेबलावर आम्ही तिघं एकदम जेवायला बसलो असे दिवस मला आठवून काढावे लागतात.

वर्षभराने कंपनीने नवरा ज्या लाइनवर होता ती लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली. तिकडे जा, नाहीतर हिशोब घ्या, असं सांगितलं. तो तिकडे गेला असता तर दोन चुली झाल्या असत्या. त्याने हिशोब घेतला. त्यातला बराचसा घराच्या हप्त्यांत गेला.

सोफ्यावर दिवसभर कुणी बसलं असेल तर ते या दिवसांत. तो सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून तिथे बसायचा आणि ओळखीच्यांना फोन लावायचा. फर्निचरचे दोन हप्ते चुकल्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीचे उलट फोन यायला लागले. पहिल्यांदा बोलणारी मुलगी नम्र होती, नंतरचा माणूस नव्हता. नवरा प्रत्येकाला "हो साहेब, भरतो साहेब" म्हणायचा. एकदा त्यांनी गावाकडे थोरल्या दिरांना फोन केला, कारण ओळखीचा म्हणून त्यांचा नंबर दिलेला होता. दिरांनी मलाच फोन केला. काय घेतलंय एवढं, हे त्यांनी भावाला न विचारता मला विचारलं. मी सांगितलं, सोफा, पलंग आणि टेबल. त्यांनी मुलीच्या शाळेचं विचारलं. मग म्हणाले, "बरं. काळजी घ्या."

शेवटी घर भाड्याने द्यायचं ठरलं. एजंटने सरळ सांगितलं, रिकाम्या घराला एवढं मिळेल, फर्निचर असेल तर बरंच जास्त, हिंजवडीच्या आयटीतल्या मुलांना नुसती बॅग घेऊन राहायला यायचं असतं. म्हणजे आम्ही जायचं आणि फर्निचरने राहायचं. फोटो काढायला तो आला तेव्हा म्हणाला, प्लॅस्टिक बरं दिसत नाही. नवऱ्याने कात्री आणली आणि आम्ही दोघांनी मिळून ते काढलं. आतलं कापड मऊ होतं, गर्द निळं. तो त्यावर हात फिरवत थोडा वेळ बसला, मग एजंटने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

काळेवाडीच्या घरमालकीणबाई तिथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. आमच्या जुन्या खोल्या रिकाम्या होत्या. विचारायला मी एकटीच गेले, नवरा आला नाही. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सोताचं घर झालं ना तुमचं? मग परत का?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खोल्या हायेत. कवाबी या," त्या म्हणाल्या. "लाजायचं न्हाई. आमी बी जमिनी इकून भाडेकरूंवरच जगतोय."

रावेतला राहायला एक तरुण जोडपं आलं, दोघंही हिंजवडीला कामाला. भाडं वेळेवर द्यायचे. एका पावसाळ्यात खालच्या घराच्या छताला ओल आली म्हणून मी शनिवारी प्लंबरला घेऊन गेले. तो बाथरूममध्ये काम करत होता तोवर त्या मुलीने मला बसवलं, ट्रेमध्ये पाणी आणलं. "ताई, नीट टेकून बसा ना," ती म्हणाली. मी सोफ्याच्या कडेला बसले होते. टेबलावर दोन लॅपटॉप होते आणि लाकडावर गरम भांड्याचा पांढरा गोल उमटलेला होता. तिने तो स्वतःच दाखवला, डिपॉझिटमधून कापून घ्या म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

मग तिने विचारलं, "हे सगळं कुठून घेतलंत? आम्ही पुनावळ्याला फ्लॅट बुक केलाय. असंच काहीतरी घ्यायचंय."

मी शोरूम सांगितलं.

"हप्त्यावर देतात का?"

"देतात," मी म्हटलं. अजून काही सांगावं असं वाटलं. पण ती इतकी आनंदात होती की मी नुसतं पाणी संपवलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं आहे तिकडे. मी म्हटलं, ठीक आहे, ठेवलंय नीट. त्या गोलाबद्दल बोलले नाही.

तोवर त्याला चाकणलाच दुसरीकडे काम लागलं होतं, कॉन्ट्रॅक्टवर, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. ते जोडपं पुढे पुनावळ्याला गेलं. त्यांच्यानंतर दुसरे आले, ते अजून आहेत. घराचं कर्ज त्यांच्या भाड्यावर चाललंय, त्यामुळे परत जायचं आम्ही बोलतो, पण ठरवत नाही. मुलगी आता मोठी झाली. तिला ते घर फारसं आठवत नाही.

फर्निचरचा शेवटचा हप्ता गेला तेव्हा नवरा दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत होता. मेसेज त्याने मला दाखवला आणि म्हणाला, "सोफा फिटला."

जाऊन बघून यायचं का, असं मी विचारलं. त्यांच्या घरात उगीच कशाला, असं म्हणून त्याने डबा पिशवीत ठेवला आणि बूट घालायला दारात बसला.