वहीतला पाचवा रकाना

श्रावणातला मंगळवार, २००८. सकाळी साडेदहा. पोलीस ठाण्यात हजर: ठाण्याचा प्रमुख म्हणून मी, ठाणे अंमलदार, एक महिला शिपाई आणि तक्रारअर्ज घेऊन आलेली एक तरुणी. डायरीत एवढंच आहे. बाकीचं मला डायरीशिवाय आठवतं.

तरुणी लातूरकडची. पिरंगुटच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायची. कोपरावर पांढरा डाग दिसला, तेव्हा तिनं कुणाला न सांगता बाजारातल्या सायबर कॅफेत बसून त्याबद्दल वाचलं. आठवड्याभरात घरमालकिणीच्या फोनवर कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे कोडाचा त्रास आहे ना? खात्रीशीर औषध आहे." मालकिणीनं अंगणातूनच हाक मारली, "अगं, तुला कोड हाय व्हय?"

असे तीन फोन आले. रविवारी धाकट्या बहिणीच्या सोयरिकीसाठी पाहुणे तिच्याच खोलीवर येणार होते.

"पाहुण्यांसमोर फोन वाजला तर, साहेब?"

मी तिच्यापुढे कागद ठेवला. "मालकिणीचा हा नंबर कुठं कुठं दिलाय, सगळं लिहा." तीनच नोंदी झाल्या: ऑफिस, गावाकडे आई, सायबर कॅफे. पहिल्या दोघांना डागाचा पत्ताच नव्हता.

महिला शिपायाला घेऊन मी कॅफेत गेलो.

"या साहेब, च्या सांगू?" मालक म्हणाला.

"आधी रजिस्टर."

नाव, पत्ता, फोन, वेळ. हे चार रकाने आम्हीच सक्तीचे केले होते. याच्या वहीत पाचवा होता: 'काय बघितलं'. तिच्या नावापुढे लिहिलेलं, 'कोड'.

"हा कुणी सांगितला?"

"तुमीच की! मीटिंगमदी म्हनला न्हवता का, कोन काय करतंय त्याच्यावर ध्यान ठेवा? गिऱ्हाईक उठलं की कंप्युटरात काय उघडलं व्हतं ते बघतो अन् लिवतो. लई नेमानं."

महिला शिपाई हसू लपवायला दाराबाहेर बघू लागली. मी तसं म्हणालो होतो, हे खरं होतं.

"वही आणखी कोण बघतं?"

तो वही मिटू लागला. मी ती धरून ठेवली.

"जाहिरातवाला येतो, नावं-नंबर उतरवून न्हेतो," तो म्हणाला. "भाईरचा बोर्ड त्यानंच फुकट करून दिलाय."

जाहिरातवाल्याला दुपारीच बोलावलं. त्याच्या डायरीत मथळ्यांखाली नावं होती: केस गळणे, स्थळे, कोड.

"ज्याला जे हवं, त्याचाच फोन करतो साहेब. लोकांची सोयच होते."

"तिनं मागितली होती ही सोय?"

दोघांचे जबाब घेतले, वही आणि डायरी पंचनामा करून जप्त केली. फोन थांबले.

सोमवारी तरुणी पेढे घेऊन आली. सोयरीक जमली होती.

"डागाचं मीच सांगितलं पाहुण्यांना, चहा झाल्यावर. त्यांची काही हरकत नाही."

मी चकित झालो. "मग तक्रार कशाला केलीत?"

"सांगायचंच होतं साहेब. पण माझ्या तोंडानं."

नोंद जितकी जास्त तितकी बरी, असं मी नोकरीभर मानत आलो होतो. त्या दिवशी कळलं, की दुसऱ्याची गोष्ट लिहून ठेवणं म्हणजे ती आपल्या ताब्यात घेणं. गरजेपुरतीच घ्यावी आणि गरज संपली की सोडून द्यावी.

लगेच चार कामांची यादी केली. हद्दीतल्या कुठल्याही कॅफेत पाचवा रकाना असेल तर तो बंद करणे. मालकांना लेखी समज देणे. वही परक्याला दाखवणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेणे. जप्त वही आणि डायरी नष्ट करण्याची कोर्टाची परवानगी मिळवणे.

पहिल्या तिन्हींपुढे महिन्याभरात खूण झाली. निवृत्त होताना चौथं काम मी नव्या साहेबांना सोपवायच्या चार्ज यादीत लिहून दिलं. परवा ठाण्यात सहज डोकावलो. मुद्देमाल खोलीत तो गठ्ठा अजून आहे, लाखेच्या सीलसकट. तिचं नाव आत, आणि नावापुढे तो शब्द.

ठाण्याला पाठवायच्या स्मरणपत्राचा मसुदा आज केलाय. माझ्या यादीत चौथ्यापुढची जागा अजून कोरी आहे.