आधीच छापलेला नकार

मुलांनो, तुमच्या चकल्यांच्या पार्सलवर आज पोस्टाबाहेर लाख लावली, आणि त्या जळक्या वासाने मुलुंडच्या आपल्या इमारतीतली एक जुनी दुपार आठवली. समोरच्या भाडेकरूकडे विकायला गर्दची नशेची पूड असल्याची खबर लागून पोलीस आले होते आणि पंच म्हणून त्यांनी मला व सोसायटीच्या सेक्रेटरींना जिन्यात उभं केलं. हवालदाराने त्या भाडेकरूच्या खिशातून पुडी काढली, फौजदाराने मेणबत्तीवर लाख वितळवून तिला सील ठोकलं आणि पंचनामा पुढे केला. सेक्रेटरींनी न वाचता सही केली. सोसायटीचे कागदही ते असेच वाचतात. मी चष्मा लावला. मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती करून घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला आणि त्याने तो नाकारला, असं त्यात होतं. "हे याला कधी विचारलंत?" "आजी, ते छापीलच असतं. करा ना सही, जेवायचे राहिलोय आम्ही." "मग छापणाऱ्यालाच पंच करा," मी म्हटलं, आणि 'माझ्यासमोर विचारलं नाही' असं लिहून खाली सही केली. "सुटेल हा तुमच्यामुळे," फौजदार म्हणाला. हक्क न सांगता घेतलेली झडती पुढे कोर्टाने धरली नाही, आणि त्याच मुद्द्यावर तो भाडेकरू सुटला. पुडी त्याच्याच खिशातून निघाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बाहेर तो माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी पाय मागे घेतले. तो प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. विष विकणारा तो आणि अर्ध्या मिनिटाचा कंटाळा करणारा फौजदार, यांतला जास्त हलका माणूस कोण, हे मला आजही ठरवता येत नाही.